मावशीचा पेट स्कॅन आणि माझी कोरी स्लाइड

मावशीला डॉक्टरांनी पेट-सीटी करून घ्यायला सांगितले, तेव्हा साताऱ्याच्या घरात पहिला गोंधळ नावावरूनच झाला. तक्रार दोन महिने रेंगाळलेल्या कोरड्या खोकल्याची, मग स्कॅन पोटाचा कशाला, असे काका मला फोनवर विचारत होते. मी पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या नावाची फोड करून सांगायला सुरुवात करणार, इतक्यात मागून मावशीचा आवाज आला, “अहो, पोट नाही, पेट! आत कुठं काय पेटलंय ते दिसतं त्यात.” गेली बारा वर्षे मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शकांचा विभाग सांभाळते आणि प्रतिमा कशा घ्यायच्या हे विद्यार्थ्यांना शिकवते, पण या तपासणीची इतकी नेमकी व्याख्या मला कधी सुचली नव्हती. तिच्यात एकाच गोष्टीची भर घालावी लागते. पेटलेले दिसते, काय पेटले आहे ते दिसत नाही.

सहा वर्षांपूर्वी मावशीच्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यामुळे हा स्कॅन कशासाठी आहे हे कोणी बोलून दाखवत नसले, तरी सगळ्यांना कळत होते. २०२० सालच्या दिवाळीच्या आधीची ही गोष्ट. पाच दिवसांनी अहवाल आला. छातीच्या मध्यभागी, श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथी उजळल्या होत्या आणि त्यांपैकी सर्वांत ठळक ग्रंथीसमोर ८.४ हा आकडा छापलेला होता. काकांनी इंटरनेटवर शोधून २.५ ही मर्यादा वाचली होती. ८.४ हे २.५ च्या तिपटीहून जास्त, एवढे गणित त्यांनी केले आणि मग दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

मला मात्र तो अहवाल वाचताना आठवण झाली ती माझ्या पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाची आणि म्हाताऱ्या उंदरांची.

तेव्हा मी मेंदूतल्या एका प्रथिनाचा अभ्यास करत होते. वय वाढते तसे चेतापेशींत त्या प्रथिनाचे प्रमाण वाढते का, असा साधा प्रश्न होता. पद्धतही रुळलेली होती. मेंदूचे पातळ काप घ्यायचे, त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारी अँटिबॉडी त्यांवर सोडायची, मग त्या अँटिबॉडीला चिकटणारी दुसरी अँटिबॉडी सोडायची आणि या दुसऱ्या अँटिबॉडीच्या अंगावर निळ्या लेझरखाली हिरवा प्रकाश देणारा रेणू आधीच बसवलेला असतो. काप काचेच्या पट्टीवर चढवून, वर कव्हरस्लिप ठेवून ती पट्टी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, की लेझरचा बारीक ठिपका कापावरून रांगोळीच्या ओळीसारखा ठिपक्याठिपक्याने फिरतो आणि प्रत्येक ठिकाणाहून परत आलेला हिरवा प्रकाश मोजला जातो. वरच्या-खालच्या थरांतून येणारा पसारा डिटेक्टरसमोरच्या बारीक छिद्रामुळे अडतो. अमेरिकन संशोधक मार्विन मिन्स्की यांनी १९५७ साली पेटंटसाठी नोंदवलेली कल्पना ती हीच. आपल्या पडद्यावर येते ते चित्र वाटते खरे, पण मुळात तो आकड्यांचा तक्ता असतो. आमच्या यंत्रावर प्रत्येक ठिपक्याला ० ते ४०९५ यांमधला एक आकडा मिळत असे आणि हिरवा रंग संगणक नंतर भरत असे, कारण डिटेक्टरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त प्रकाशाचे प्रमाण कळते.

तीन महिन्यांच्या उंदरांत मला हिरवे फारसे दिसले नाही. अठरा महिन्यांच्या उंदरांत मात्र केंद्रकाला खेटून, पेशीच्या एका कडेला, मोहरीची चिमूट सांडावी तसे दाणेदार, लखलखीत हिरवे पुंजके होते. मी आठ आठवडे मोजणी केली, आलेख काढला आणि गटाच्या बैठकीत तो मोठ्या आत्मविश्वासाने दाखवला. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी आलेखाकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, “कोरी स्लाइड कुठंय?” म्हणजे पहिली अँटिबॉडी न घालता केलेली, किंवा काहीच न घालता नुसती चढवलेली स्लाइड. मी ती केली होती आणि लगेच दाखवलीही. ती काळीभोर होती. “कुठल्या उंदराची?” तरुण उंदराची होती. “म्हाताऱ्याची कोरी स्लाइड आण, मग बोलू.”

म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूचा एकही अँटिबॉडी न घातलेला, एकही रंग न लावलेला काप मी त्याच संध्याकाळी लेझरखाली ठेवला, तेव्हा तेच मोहरीचे दाणे त्याच जागी तसेच लखलखत होते. ते लायपोफ्युसिन होते. पेशीला न पचलेल्या मेदाचा आणि प्रथिनांचा हा गाळ वयाबरोबर चेतापेशींत साठत जातो आणि लेझर पडला की आपणहून चमकतो. त्याची चमक एका रंगापुरती नसते, हिरव्या चॅनेलमध्ये, म्हणजे फक्त हिरवा प्रकाश मोजणाऱ्या वाटेवर, दिसते तशी ती तांबड्यातही दिसते. मी दुसरा चॅनेल एकदा उघडून पाहिला असता, तरी खरी खूण आणि हा गाळ यांतला फरक मला पहिल्याच दिवशी कळला असता. वय वाढते तसे हिरवे वाढते, हा माझा निष्कर्ष अक्षरशः खरा होता. फक्त ते हिरवे माझ्या प्रथिनाचे नव्हते. पुढे सुदान ब्लॅक या काळ्या रंगाने तो गाळ झाकून आणि हा गाळ जिथे कमी चमकतो अशा, आणखी लांब तरंगलांबीच्या गडद तांबड्या खुणेकडे वळून मी सगळा प्रयोग पुन्हा केला. प्रथिनात वयानुसार काही फरक निघाला नाही.

या चुकीत कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीची कोरी स्लाइड, विसरल्याची लाज नाही, कारण कंट्रोल मी केला होता. तो चुकीच्या वयाच्या प्राण्यावर केला होता, आणि हा प्रकार माझ्या मते जास्त धोक्याचा आहे, कारण त्यात कंट्रोल केल्याचे समाधानही मिळते.

आता मावशीच्या ग्रंथींकडे येते. पेट स्कॅनमध्ये खूण म्हणून वापरतात ती साखर, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूतील एका ठिकाणचा हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरीन बसवलेला रेणू, ज्याला सगळे एफडीजी म्हणतात. पेशीच्या दारावर हा रेणू ग्लुकोज म्हणून आत घेतला जातो, आत गेल्यावर हेक्झोकायनेज हे विकर त्याला फॉस्फेटही जोडते, पण पुढच्या पायरीवरचे विकर त्याला ओळखत नाही आणि फॉस्फेट जोडलेला असल्यामुळे त्याला सहजी बाहेरही पडता येत नाही. तो तिथेच अडकतो. जी पेशी जास्त साखर ओढते तिच्यात जास्त फ्लोरीन साठतो. हा फ्लोरीन-१८ क्षय पावताना पॉझिट्रॉन सोडतो, तो जवळच्याच एखाद्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघेही नष्ट होतात आणि त्यांच्या जागी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांनी सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातील दोन डिटेक्टर एकाच क्षणी खणखणले, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी ही घटना घडली एवढे कळते, आणि अशा असंख्य रेषांवरून संगणक चित्र उभे करतो.

या पद्धतीचा जन्म दवाखान्यात नव्हे, प्रयोगशाळेत झाला, हे मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडते. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत लुई सोकोलॉफ आणि त्यांचे सहकारी उंदरांना किरणोत्सारी कार्बन-१४ असलेले डीऑक्सिग्लुकोज टोचत, काही वेळाने मेंदू काढून गोठवत आणि त्याचे पातळ काप क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवून देत. मेंदूचा जो भाग कामात होता तो फिल्मवर काळा उमटे. त्यांचा सविस्तर लेख १९७७ सालचा आहे. कार्बन-१४ चे किरण इतके दुबळे असतात, की ते कवटीबाहेर येतच नाहीत, म्हणून प्राण्याला मारून काप काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. जिवंत माणसात हेच करायचे तर शरीराबाहेर पोचणारे किरण देणारी खूण हवी होती, आणि ती गरज फ्लोरीन-१८ ने भागवली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेले एफडीजी १९७६ च्या ऑगस्टमध्ये विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन तिथे पहिल्यांदा माणसाला टोचले गेले.

विमान लागले, कारण फ्लोरीन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटांचा आहे. तीन तास चाळीस मिनिटांत पदार्थ चौथाईवर येतो. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळमधील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणारे यंत्र, सुरू झाला, आणि आज अनेक शहरांत हे औषध बनते. पण ज्या केंद्राजवळ सायक्लोट्रॉन नाही, त्याचा दिवस अजूनही औषधाच्या गाडीवर अवलंबून असतो. मावशीलाही त्या सकाळी, आदल्या रात्रीपासून उपाशी असताना, “गाडी अजून यायची आहे” असे सांगून दीड तास बसवून ठेवले होते. पुरवठ्याची अशी अडचण केंद्राच्या हातची नसते, हे मला समजते. मात्र रात्रीपासून पोटात काही नसलेल्या पासष्टीच्या बाईला कारण सांगायला कोणीतरी यावे, एवढी अपेक्षा जास्त नव्हती.

इंजेक्शननंतरचा तास मावशीने शिक्षेसारखा काढला. एका छोट्या खोलीत ब्लँकेट पांघरून पडून राहायचे, चालायचे नाही, काही चघळायचे नाही आणि मुख्य म्हणजे बोलायचे नाही. “अगं, बोलायचं नाही म्हणजे काय गं? मी काय ऑपरेशनला गेले होते का?” असे ती नंतर मला तावातावाने विचारत होती. कारण मोठे सरळ आहे. स्नायूही साखर खातो. त्या तासात जो स्नायू काम करेल तो उजळेल. च्युइंग गम चघळले तर जबड्याचे स्नायू, गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे. ब्लँकेट दिले जाते, कारण थंडी वाजली तर मानेतली आणि गळपट्टीच्या हाडांवरची तपकिरी चरबी शरीर तापवण्यासाठी साखर जाळू लागते. मेंदू तर उजळतोच, कारण त्याचे इंधनच मुळी ग्लुकोज. मूत्राशयही उजळते, कारण मूत्रपिंड खरी साखर गाळून परत रक्तात घेते, पण एफडीजीला तशी परत घेत नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर आतडी उजळतात. थोडक्यात, चित्र घेण्याआधीचा एक तास हा आमच्या प्रयोगशाळेत काप धुण्यात, नको त्या जागी चिकटलेली अँटिबॉडी काढून टाकण्यात जातो तोच तास असतो. फरक इतकाच, की आमचा काप बोलण्यासाठी तोंड उघडत नाही.

तपकिरी चरबीचे थोडे सांगायलाच हवे. पेट स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने ती अनेक वर्षे निव्वळ कटकट होती, कारण मानेत दोन्ही बाजूंना उजळलेली ही चरबी गाठींसारखी भासत असे. प्रौढ माणसात तपकिरी चरबी नगण्य असते, असा समज तेव्हा रुळलेला होता. मग २००९ च्या एप्रिलमध्ये बोस्टन, मास्ट्रिख्ट आणि तुर्कू इथल्या तीन गटांचे लेख एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले आणि त्यांनी याच कटकटीला विषय केले. बोस्टनच्या गटाने दुसऱ्याच कारणांसाठी झालेले १,९७२ रुग्णांचे स्कॅन पुन्हा तपासले. स्त्रियांपैकी ७.५ टक्क्यांत आणि पुरुषांपैकी ३.१ टक्क्यांत ही चरबी उजळलेली होती, आणि बाहेर थंडी असलेल्या दिवसांत ती दिसण्याचा संभव जास्त होता. माझ्या लायपोफ्युसिनवर मीही तेव्हा थोडा वेळ थांबायला हवे होते, असे हे वाचल्यापासून मला वाटत आले आहे. मी मात्र काळा रंग फासून ते झाकून टाकले.

काकांचा २.५ हा आकडा कुठून येतो? ग्रंथीत साठलेली किरणोत्सारिता, टोचलेल्या मात्रेच्या आणि रुग्णाच्या वजनाच्या हिशेबात मांडली, की जे गुणोत्तर मिळते त्याला एसयूव्ही म्हणतात. औषध सगळ्या शरीरात अगदी सारखे पसरले असते तर ते सगळीकडे सुमारे १ आले असते. २.५ च्या वर संशय घ्यावा, हा जुना संकेत आहे. पण तोच आकडा इंजेक्शननंतर साठाव्या मिनिटाऐवजी नव्वदाव्या मिनिटाला चित्र घेतले तर बदलतो, रक्तातली साखर वाढलेली असेल तर बदलतो, आणि यंत्राची विभेदनक्षमता काही मिलिमीटरांची असल्यामुळे लहान गाठीत तो मुळातच कमी भरतो. एवढे सगळे सांभाळले, तरी तो आकडा सांगतो ते इतकेच, की इथे साखर ओढणाऱ्या पेशी आहेत. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवल्याप्रमाणे कर्कपेशी साखर ओढतात. जंतूंशी झुंजणाऱ्या बृहद्भक्षक पेशीही साखर ओढतात. क्षयरोगाच्या गाठीत अशा पेशींची दाटी असते.

इथे मला म्हाताऱ्या उंदराची कोरी स्लाइड आठवते. ज्या देशांत क्षयरोग दुर्मीळ आहे, तिथल्या अनुभवावर बेतलेली मर्यादा तिथे ठीक असेल. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तिथे छातीच्या मध्यभागी उजळलेल्या ग्रंथीला तीच मर्यादा लावणे म्हणजे तरुण उंदराची काळी स्लाइड म्हाताऱ्या उंदरासाठी दाखवण्यासारखे आहे. दवाखान्यात अडचण अशी, की माणसाची कोरी स्लाइड करता येत नाही. साखर न टोचता मावशीच्या ग्रंथी कशा दिसतात, हा प्रश्नच निरर्थक आहे. तिथे कोऱ्या स्लाइडचे काम जुना स्कॅन, रुग्णाची हकीकत आणि शेवटी त्या जागेचा तुकडा, अशा तिघांना मिळून करावे लागते.

अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळे एका ओळीत लिहिले होते: ग्रंथी संसर्गाच्या असू शकतात किंवा कर्करोगाच्या असू शकतात, ऊतक तपासून खात्री करावी. ही ओळ घरातल्या कोणीही वाचली नव्हती, कारण वरचा आकडा ठळक अक्षरांत होता. ही ओळ म्हणजे डॉक्टरांची पळवाट, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. मला ती साऱ्या अहवालातली सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते. आमच्या त्या ज्येष्ठ बाई हेच तीन शब्दांत विचारत असत.

श्वासनलिकेत दुर्बीण घालून, अल्ट्रासाउंडच्या आधाराने सुईने ग्रंथीतले द्रव्य काढले गेले. पेशीतज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कर्कपेशी नव्हत्या, ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूंशी झुंजणाऱ्या पेशींचे पुंजके, होते. क्षयजंतू शोधण्यासाठी केलेल्या झील-नील्सन रंगाच्या स्लाइडवर एकही तांबडी काडी सापडली नाही. ग्रंथीत जंतू थोडे असल्यामुळे असे पुष्कळदा होते. जनुकीय चाचणीत मात्र ते सापडले. काकांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज इतका हलका झाला होता, की क्षयरोग झाल्याचा आनंद मानणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मावशीचे सहा महिन्यांचे औषध सुरू झाले, लघवी नारिंगी झाली म्हणून एक घबराट झाली, तीही निवली.

उपचार संपल्यावर, २०२१ च्या मे महिन्यात, ग्रंथी विझल्या का हे पाहायला दुसरा स्कॅन ठरला. या वेळी गाडी वेळेवर आली. मावशी इंजेक्शन घेऊन, ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढून, तोंड मिटून पडली असताना मास्क लावलेली एक मुलगी अर्जाचा कागद घेऊन दारात आली आणि एक रकाना राहिला आहे म्हणाली. करोनाची लस घेतली आहे का, आणि घेतली असेल तर कोणत्या हातावर? लशीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काही आठवडे उजळतात, आणि स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बाईच्या काखेतली उजळलेली ग्रंथी ही काय चीज असते हे सांगायला नको. मावशीला नियम पक्का आठवत होता. तिने तोंड उघडले नाही. ब्लँकेटमधून डावा हात काढून तिने तो वर केला, दुसऱ्या हाताने दंडावर टोचल्याची खूण केली आणि चार बोटे दाखवली. चार दिवस की चार आठवडे, असे त्या मुलीने विचारले, तेव्हा मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवले आणि ती मुलगी तारखेवर बोट ठेवेपर्यंत मान हलवत राहिली.